मडमाईचे कंट्रोलर

आमच्या घरमालकांनी माझा टूथब्रश चोरला होता. जुना नव्हे, चालू! सकाळी तोंड धुवायला न्हाणीत गेले तर पेस्ट आहे, ब्रश नाही. खाली आले तर नाना अंगणात उकिडवे बसून तो ब्रश उन्हाकडे धरून बघत होते.

"ताई, याचे केस फार मऊ आहेत," ते म्हणाले. "असा धुळ्यात मिळत नाही. कुठून आणला?"

"अहो नाना, तो माझा आहे!"

"तुमचाच. मी कुठं माझा म्हणतोय? पण तुमचे दात मजबूत आहेत, कडक ब्रशनंही भागेल. साहेबलोकांना कडक चालत नाही. चरे पडतात."

साहेबलोक म्हणजे कोण, हे सांगायला हवं. गावाबाहेर, नाल्यापलीकडे, वेड्या बाभळींच्या रानात गोऱ्यांचं एक जुनं कब्रस्तान आहे. इंग्रजांच्या काळात इथं नोकरीला आलेली आणि इथंच मेलेली माणसं तिथं पुरलेली. आमचे घरमालक, एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, दर रविवारी तिथं जाऊन ती थडगी घासत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बोलावलं नव्हतं. चर्चच्या मंडळींकडे परवानगी मागायला गेले, तर त्यांनी खुशीनं परवानगी दिली आणि वर फाटकाची चावीही दिली. फाटक केव्हाच चोरीला गेलं होतं. नाना ती चावी शेवटपर्यंत जानव्याला बांधून हिंडत.

मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. माहेर फैजपूरचं, सासर जळगाव, नवरा तिथंच पाइपच्या कारखान्यात. माझी बदली धुळ्याला झाली आणि देवपुरातली नानांची वरची खोली मिळाली. एकाआड एक रविवारी मी जळगावला जायचे. उरलेला रविवार माझा, असा माझा भाबडा समज होता.

नानांनी जबरदस्ती कधी केली नाही. ती त्यांची रीतच नव्हती. रविवारी सकाळी जिन्याखाली उभे राहायचे, डाव्या हाताची मूठ तोंडाशी धरायचे, तिच्यात 'फू, फू' करून दोन फुंकरा मारायचे आणि एसटी स्टँडवरच्या आवाजात सुरू करायचे: "कृपया लक्ष द्या. देवपूरहून कब्रस्तानला जाणारी स्कूटर फाटकाशी उभी आहे. वरच्या मजल्यावरील प्रवाशांनी झोप काढायची असल्यास खुशाल काढावी. तिकडची मंडळी झोपलेलीच आहेत. नोंद घ्यावी."

आता अशा घोषणेनंतर कोणाला झोप लागेल, सांगा! मी दात-ओठ खात उतरायचे.

ती मूठ आणि ती फुंकर हा नानांचा जन्माचा रोग होता. उभी हयात माइकसमोर गेली. एसटीचे माइक म्हणजे काय विचारता, दोनदा फुंकर मारल्याशिवाय जागेच व्हायचे नाहीत. माइक सुटला, फुंकर सुटली नाही. घरात चहा झाला तरी 'फू, फू', मग "चहा फलाट क्रमांक एकवर लागला आहे". अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, चाळीसगावकडच्या, बोलणं अस्सल अहिराणी. त्या शांतपणे म्हणायच्या, "लागना तर पी टाका ना. गाव काय जागं करतस?"

या नादाची सुरुवात कशी झाली, ते त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना जराही लाजले नाहीत. निवृत्तीनंतर कुठल्या तरी लग्नाहून येत होते. रस्त्यात स्कूटर पंक्चर झाली, म्हणून थांबले आणि लघवीला बाभळीआड गेले. "उभा राहिलो, ताई, आणि समोरच्या दगडाकडं बघतो तर काय, अक्षरं! नाव होतं हो त्यावर. माणसाचं नाव! आणि मी काय करत होतो?" त्यांनी कानाला हात लावला. "जन्मभर स्टँडवर चुकलेल्या माणसांची नावं पुकारली. पारोळ्याच्या सखूबाई, आपले यजमान चौकशी खिडकीपाशी वाट पाहत आहेत. शिरपूरचा अमका, तुझी आई रडते आहे. नाव पुकारलं की माणूस सापडायचंच. आणि इथं एवढी माणसं नावासकट पडली आहेत, कुणी पुकारतच नाही."

"अहो, पण ती मेली आहेत."

"मग? मेलेल्या माणसाला नाव नसतं का?"

असले प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा राग येतो.

पहिला दगड त्यांनी स्वतःच बाद केला होता. आपल्याकडे घासायचं म्हणजे काय, तर तारेचा ब्रश आणि संडासात टाकायचं ॲसिड. कोणी एक कॅप्टन होता, त्याच्या दगडावर नानांनी दोन्ही चालवलं. दगड दिसायला स्वच्छ झाला आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे धरून सुटला, नावासकट. त्यानंतर नाना शहाणे झाले. साधं पाणी, मऊ ब्रश, शेवाळ खरवडायला बांबूची कामटी, आणि घाई नाही. पण त्या कॅप्टनसमोरून जाताना दरवेळी थांबून दगडावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "सॉरी, साहेब." येताना एकदा, जाताना एकदा. मी म्हटलं, "नाना, किती वेळा सॉरी?" म्हणाले, "त्याचं नाव परत येईपर्यंत." ते काही येणार नव्हतं.

या कामात माझं काय काय गेलं ते ऐका. ब्रश गेला, हे सांगितलंच. मग आरसा गेला. झिजलेली अक्षरं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आरशानं ऊन बाजूनं दगडावर पाडलं की सावल्या धरून उठतात. तर माझा लग्नातला आरसा घेऊन मी वैशाखाच्या उन्हात थडग्याच्या बाजूला उभी, आणि नाना समोर बसून ओरडताहेत, "वर घ्या! डावीकडं! हात हलवू नका!" वाचायचंही मीच, कारण त्यांचं इंग्रजी बसच्या पाट्यांपुरतं. जळगावला गेले की नवरा विचारायचा, "काळी कशी पडलीस?" काय सांगणार त्याला? नोकरीवरचे लोक तर मला सरळ 'कब्रस्तानवाल्या' म्हणायला लागले होते.

त्या आरशात सापडलेली बाई म्हणजे एमिली.

कब्रस्तानच्या कोपऱ्यात, काळ्या पाषाणाच्या जोत्यावर उभा संगमरवर होता. त्यावर एवढा थर की तो संगमरवर आहे हेच आधी कळलं नाही. कितीतरी रविवार आम्ही तो धुतला. शेवटी पांढरा निघाला आणि आरशाच्या उजेडात मी वाचलं: एमिली, कोणा ओव्हरसियरची बायको, वय बावीस, आणि तिची तान्ही मुलगी. दोघी एकाच दिवशी गेलेल्या. बाळाचं नाव नव्हतं.

नाना उठले, हात धोतराला पुसले, मूठ तोंडाशी नेली. फू, फू. "कृपया लक्ष द्या. एमिलीबाई, ओव्हरसियर साहेबांचं कुटुंब, वय वर्षं बावीस, आणि त्यांची तान्ही मुलगी. मुक्काम धुळे. नोंद घ्यावी." चार शेळ्या आणि मी, एवढ्यांनी नोंद घेतली.

घरी येऊन त्यांनी हे सगळं जेवताना अक्कांना सांगितलं. अक्का भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. "बाळतपणमा गयी?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्या घरात बाळंतपण हा शब्द तेव्हा कोणी सहज काढत नव्हतं. नानांची एकुलती एक लेक वैशाली, पिंपळनेरला दिलेली. दोनदा दिवस गेले आणि दोनदा मधेच रिकामी झाली होती. आता तिसऱ्यांदा राहिलं होतं. सासरचे लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण न बोलण्यालाही आवाज असतो. अक्का सगळ्या उपासांना लागल्या होत्या. नाना देवाचं काहीच करत नसत. ते फक्त पिंपळनेरच्या बसचं वेळापत्रक पाठ म्हणत बसायचे.

पुढच्या बुधवारी नाना कब्रस्तानातून तणतणत आले. "शेंदूर! ताई, कोणी तरी एमिलीबाईंना शेंदूर फासला! तेल घालून! नावावरून!"

त्यांच्या आवाजानं मी घाबरून गेले. बघायला गेले तर खरंच. पांढऱ्या दगडावर वरपासून खालपर्यंत भगवा लेप, समोर नारळ, हिरव्या बांगड्या. आपल्या लोकांचं काय सांगावं! रानात दगड शेवाळलेला असेल तोवर त्यावर बकऱ्या बसतात. तोच धुऊन उभा करा, आठ दिवसांत त्याचा देव होतो. चूक म्हणाल तर नानांचीच. इतका पांढरा करायला सांगितलं होतं कोणी?

संगमरवर तेल पितो. नुसतं पुसून शेंदूर जात नाही. नानांनी डोकं लढवलं: मुलतानी मातीचा चिखल दगडावर थापायचा, वाळू द्यायचा, माती तेल ओढून घेते. ही मुलतानी माती कोणाची? माझी! माझ्या तोंडाला लावायची माती एमिलीबाईच्या तोंडाला. वर मलाच म्हणाले, "तुम्हाला काय गरज, ताई? तुमचं नाव कुठं पुसलं जातंय?"

लेप काढला, दगड स्वच्छ झाला. पुढच्या बुधवारी पुन्हा शेंदूर. पुन्हा माती. मग हे दर आठवड्याचं झालं. मंगळवारी कोणी तरी लावायचं, बुधवारी नाना धुवायचे, रविवारी राहिलेलं मी घासायचे. हळूहळू नारळ वाढले. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या बाया येऊ लागल्या. एकीच्या सुनेची सुटका सुखरूप झाली आणि बघता बघता नावही पडलं: मडमाई. अडलेल्या बाळंतिणीला सोडवणारी मडमाई.

नानांचा नुसता जळफळाट. एका मंगळवारी त्यांनी बायांना अडवलं आणि रागात त्यांची शुद्ध मराठी गळून पडली. "अवं, ती बिचारी सोता बाळतपणमा गयी! ती तुमले काय देई? माणूस शे ती, माणूस! नाव शे तिले!" बायांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यांच्याही पायाला हात लावला, आणि नारळ फोडला.

संशय तर त्यांनी कोणावर घेतला नाही! रशीदभाईंवरसुद्धा घेतला. रशीदभाई कबरींचे दगड घडवणारे कारागीर. पडलेली थडगी उभी करायला नाना त्यांना चहाच्या एका कपावर ओढून न्यायचे. "रशीदभाई, तुम्ही तर नाही?" असं विचारल्यावर त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, यांना समजवा. मी शेंदूर लावू? घरचे मला जेवायला देतील का?"

"पण पहिला नारळ कोणाचा, ते मला कळलंच पाहिजे," नाना म्हणायचे. "एकदा तो माणूस सापडू दे."

तो माणूस मला सापडला. एका मंगळवारी संध्याकाळी अक्का मला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायला वर आल्या. ताट पुढं केलं आणि माझं लक्ष त्यांच्या नखांकडं गेलं. नखांत शेंदूर.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि खाटेवर बसल्या.

"त्यास्ले सांगू नका, ताई."

"अक्का, अहो तुम्ही? घरचाच माणूस? ते तिकडं ऊर फुटेस्तोवर घासताहेत!"

"घासू द्या. त्यास्नं काम ते करतस, मनं मी करस." मग म्हणाल्या, "मनी आंडेर वैशू दोन डाव रिकामी व्हयनी. कोठे कोठे जाई उनी मी! पन ताई, बठ्ठा देवस्मा बाळतपन करेल कोन शे, सांगा बरं? जिनी भोगं तिलेच ठाऊक. ती बाई काही मांगत नही. नुसतं आयकस."

सगळ्या देवांत बाळंतपण भोगलेली ही एकटीच, असा त्यांचा हिशेब. मी कपाळावर हात मारून घेतला. त्या दिवसापासून माझी अवस्था अशी: बायको मंगळवारी लावणार, नवरा बुधवारी काढणार, दोघंही मला विश्वासात घेणार, आणि माझ्या मुलतानी मातीचा सत्यानाश होणार. नाना मला विचारायचे, "ताई, तुम्हाला कोण वाटतं?" आणि अक्का चुलीपाशी मान खाली घालून कांदा चिरायच्या. दोघांना एका खोलीत कोंडावं आणि बाहेरून ती फाटकाची चावी लावावी, असं मला कितीदा तरी वाटलं.

एकदा घासता घासता मी वैतागून विचारलं होतं, "नाना, या परक्या बाईच्या नावासाठी एवढा आटापिटा. तुमचं स्वतःचं काय? तुमच्या नावाचा दगड कोण उभा करणार?"

"आपल्यात कुठं दगड असतो, ताई? आपण धूर. उरली राख ती तापीत."

"मग तुमचं नाव कोण पुकारणार?"

ते हसले. "सुटलेल्या गाडीची घोषणा करत नाहीत."

वैशाली सातव्यात माहेरी आली. पोट नीट वाढत होतं, रक्त कमी होतं, पण बाकी ठीक. घरात सगळे हळू बोलायला लागले. नाना तर जिन्याखालची घोषणासुद्धा कुजबुजत करायचे. वैशालीच मला म्हणाली, "ताई, बाबांना सांगा ना जोरात बोलायला. भीती वाटते असं."

दिवस भरायला थोडे बाकी असताना एका मंगळवारी सकाळी तिच्या कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं. दुपारच्या सुमारास डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, बाळाचे ठोके कमी होताहेत, लगेच ऑपरेशन करावं लागेल, रक्ताची सोय करा. माझा रोजचा धंदाच तो. रक्तपेढीत फोन केला, स्वतः जाऊन बाटल्या घेऊन आले. येऊन बघते तर नाना नाहीत. फोन घरीच विसरलेला. जावई पिंपळनेरहून निघालेला, वाटेत. आत लेक टेबलावर आणि बाप गायब!

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. शेंदूर.

"आज मंगळवार शे, ताई. मी पोरले सोडी कशी जाऊ? तुम्ही जाई या."

माझ्या तोंडाशी आलं होतं, अक्का, मी विज्ञान शिकलेली बाई आहे, आत सर्जन आहे, रक्त आहे, अजून काय पाहिजे? पण त्यांचा चेहरा बघितला. पुडी घेतली आणि स्कूटी काढली. शिवाय नाना कुठं असतील हे मला न सांगता कळलं होतं.

होतेच. भर उन्हात, डोक्यावर रुमालसुद्धा नाही. एमिलीच्या दगडासमोर बसून ब्रश फिरवत होते. त्या दिवशी घासायला काहीच नव्हतं. दगड लख्ख होता. नुसताच ब्रश फिरत होता.

मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्या हातातल्या पुडीवर गेली. कागदातून शेंदूर बाहेर आला होता, माझी बोटं भगवी.

"तुम्ही?" ते ताडकन उठले. "ताई, तुम्ही! शिकलेल्या, सरकारी नोकरीतल्या! माझ्या शेजारी बसून घासत होता आणि मागून..."

आता मात्र माझं डोकंच फिरलं. एवढ्या महिन्यांचं सगळं बाहेर पडलं. "काय बोलताय, नाना? अहो, तिकडं लेकीचं पोट फाडताहेत आणि तुम्ही इथं दगड घासताय! हा शेंदूर माझा नाही. तुमच्या बायकोचा आहे! पहिला नारळसुद्धा त्यांचाच. प्रत्येक मंगळवार त्यांचा. वैशूसाठी!"

नाना तसेच उभे राहिले. हातातला ब्रश, माझा ब्रश, खाली पडला.

"ती इथं येऊन काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"काही म्हणत नाहीत. म्हणतात, ती बाई ऐकते."

"ऐकते?" ते दगडाकडं वळले. "मी एवढे रविवार नाव पुकारलं. पण कोणी ऐकतंय असं माझ्या मनातसुद्धा नाही आलं, ताई." मग खाली बघत म्हणाले, "आज तेच करायला आलो होतो. काही तरी मागावं म्हणून. जमेना. मला घोषणा येते हो. मागता येत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला. "मग घोषणा करा! वाट कसली बघताय?"

त्यांनी मूठ तोंडाशी नेली. फू, फू.

"कृपया लक्ष द्या. एमिलीबाई, ओव्हरसियर साहेबांचं कुटुंब, वय वर्षं बावीस, आणि त्यांची तान्ही मुलगी. आमची वैशाली ऑपरेशनला आत गेली आहे. आपल्या गाडीत तिची जागा नाही. तिला आणि तिच्या बाळाला बसवून घेऊ नये. कृपया..."

'नोंद घ्यावी' काही त्यांच्या तोंडून निघेना. ते मी म्हटलं.

मग त्यांनी पुडी माझ्या हातातून घेतली. मला वाटलं, फेकतात आता. त्यांनी चिमूटभर शेंदूर घेतला, खाली वाकले आणि दगडाला नाही, खालच्या काळ्या जोत्याला एक टिळा लावला. "नावावर नाही," ते म्हणाले. "नाव मोकळं राहिलं पाहिजे."

मुलगी झाली. दोघी वाचल्या. आता हे नीट ऐका: डॉक्टरीणबाईंच्या हातानं वाचल्या, आणि रक्तानं, जे मी आणलं होतं. हे मी धुळ्यात घसा बसेपर्यंत सगळ्यांना सांगितलं. कोणीही ऐकलं नाही. मडमाईनं नानांच्या लेकीला सोडवलं, तीही मंगळवारी, ही बातमी पांझरा नदीच्या दोन्ही तीरांवर पसरली आणि पुढच्या मंगळवारी कब्रस्तानात रांग लागली.

नाना घरी अक्कांना काय बोलले, मला ठाऊक नाही. दार लावून बोलले. एवढंच दिसलं की पुढच्या मंगळवारी दोघं एका स्कूटरवरून गेले. अक्कांच्या मांडीवर नारळाची पिशवी, नानांच्या खांद्यावर पाण्याचा डबा.

देव थांबवता येत नाही म्हटल्यावर त्यांनी देवाचं नियंत्रण हातात घेतलं. रांग एकेरी. शेंदूर फक्त काळ्या जोत्याला. संगमरवराला ज्याचा हात लागेल त्याचा नारळ परत. आणि मुख्य नियम: "नाव घेतल्याशिवाय नारळ फुटणार नाही! मडमाई नाही, पूर्ण नाव! माझ्यामागून म्हणा!" मग स्वतः म्हणून दाखवायचे, आणि अंगठाछाप म्हाताऱ्या, शेळ्या राखणाऱ्या पोरी त्यांच्यामागून म्हणायच्या. चुकलं की पुन्हा. एका बाईला 'ओव्हरसियर' येईना, तर तिला रांगेतून बाजूला काढून शिकवलं. मी म्हटलं, "नाना, देवळातसुद्धा एवढा जाच नसतो." म्हणाले, "देवळात देव असतो, ताई. इथं माणूस आहे."

माझी जळगावला बदली झाली. निघताना नानांनी मला नवा कोरा टूथब्रश दिला. कडक!

मध्ये बरीच वर्षं गेली, नानांचं कब्रस्तानात जाणंही थांबलं. गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. झोपेतच. मला कळलं ते चार दिवसांनी. दिवस झाल्यावर, महिना उलटल्यावर मी अक्कांना भेटायला धुळ्याला गेले. नेमका रविवार सोडून मंगळवार निघाला होता. जेवण झालं आणि अक्का म्हणाल्या, "चाला."

कब्रस्तानात आता एमिलीच्या दगडावर पत्र्याचं छप्पर आहे. फाटक अजूनही नाही. रांग होती, एकेरी. रांगेतल्या बाया वाटेवरच्या त्या सोललेल्या दगडापाशी थांबत होत्या, त्यावर हात ठेवत होत्या आणि काही तरी पुटपुटत होत्या. जवळ गेल्यावर ऐकू आलं. "सॉरी, सायेब."

मी अक्कांकडं बघितलं. त्या समोर बघत होत्या.

पुढं एक पोटुशी पोर होती, विशीतली, बरोबर सासू. तिचा नंबर आला. तिनं डोक्यावर पदर घेतला, डाव्या हाताची मूठ तोंडाशी नेली आणि तीत दोनदा फुंकर मारली. फू, फू. मग डोळे मिटून एका दमात म्हणाली, "कृपया लक्ष द्या. एमिलीबाई, ओव्हरसियर साहेबांचं कुटुंब, वय वर्षं बावीस, आणि त्यांची तान्ही मुलगी. मुक्काम धुळे. नोंद घ्यावी." हेल तोच, थांबायच्या जागा त्याच. तिच्यामागच्या बाईनंही तसंच केलं. तिच्यामागचीनंही.

मी एका बाईला विचारलं, "मुठीत फुंकर कशाला मारता?"

तिला माझी कीव आली असावी. "रीत शे, बाई. पह्यले फुकर मारनी पडस. तवयच मडमाईले आयकू जास."

"कोणी शिकवली ही रीत?"

"कोन शिकाडी? पह्यलेपासून शे."

मला हसू फुटलं आणि मग ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. अक्कांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. त्या रांगेतल्या निम्म्या बायांना नानांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

माझा नंबर आला. मी नास्तिक नाही, पण असल्या गोष्टी करणारी बाई नाही, हे अक्कांना ठाऊक आहे. माझा ब्रश गेला, आरसा गेला, रविवार गेले, आणि आता हा मंगळवारही या माणसानं खाल्ला. मी मूठ तोंडाशी नेली. फू, फू. एमिलीबाईचं नाव घेतलं, पूर्ण. आणि 'नोंद घ्यावी' म्हणायच्या आधी नानांचं घेतलं, तेही पूर्ण, वडिलांच्या नावासकट, मागच्या बायांनाही ऐकू जाईल असं.

सुटलेल्या गाडीची घोषणा करत नाहीत म्हणे. मी केली.